झाकण उघडू नये

आमच्या घराण्यात झाकण उघडून बघण्याचा रोग आहे. आजोबा कुणाच्याही लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे न फिरकता आधी मांडवामागं आचाऱ्याकडे जायचे आणि एकेक पातेल्याचं झाकण वर करून आत डोकवायचे. वडील ऑफिसातून आले की एक चप्पल पायात असतानाच स्वयंपाकघरात शिरत, 'काय शिजतंय?' म्हणत झाकणाला हात घालत, आणि आईचं उलथनं त्यांच्या मनगटावर बसे. आई स्वतः मात्र झाकण उघडते ती हक्कानं. मटण शिजत असताना दर पाच मिनिटांनी ती झाकण काढते, ढवळते, वास घेते, रस्स्याचा एक थेंब तळहातावर टाकून चाटते, 'अजून वाफ पायजे' असं स्वतःलाच सांगते आणि झाकण ठेवते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

अशा घरातल्या माणसानं स्लो कुकर विकत घेणं म्हणजे बोक्यानं दुधाच्या राखणीची नोकरी धरण्यासारखं होतं.

पण घेतला. ओहायोत, कोलंबस शहराच्या एका उपनगरात आम्ही राहतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी इथं सगळं स्वस्त मिळतं, आणि स्वस्त मिळतं म्हणून माणसं काहीही घेतात. मी मोजे आणायला गेलो होतो. येताना हातात सहा क्वार्टचं, म्हणजे साडेपाच लिटरच्या वरचं एक धूड होतं. आत चिनीमातीचं लंबगोल जड भांडं, त्याच्याभोवती पत्र्याचं कवच, वर काचेचं झाकण आणि पुढं एकच बटण: बंद, लो, हाय, वॉर्म. 'लो'वर आठ तास, 'हाय'वर चार तास. दोन्हीकडं शेवटी उष्णता जवळजवळ तेवढीच होते, एक लवकर पोचतं आणि एक रमतगमत, एवढाच फरक. एवढ्याला दोन खुणा कशाला हे मला अजून कळलेलं नाही, पण नसत्या तर लोकांनी घेतलं नसतं.

सोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शिजत असताना झाकण उघडू नये; उघडल्यास प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटं जास्त धरावीत. मी हिशेब केला. आईच्या पद्धतीनं दर पाच मिनिटांनी उघडलं, तर तासाला बारा वेळा, म्हणजे निदान चार तासांचं देणं. त्यातला फिटतो एक तास. म्हणजे मटण दर तासाला तीन तास मागे जातं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा चरायला लागेल.

कुकर घरात आला तेव्हा बायकोनं तो शांतपणे बघितला. बायको पुण्याची आणि शाकाहारी. मी कोल्हापूरचा आणि उरलेलं सगळं. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून जे तह झाले त्यांत मटणाला जागा होती, पण 'वास घरात फिरणार नाही' या कलमावर. कोल्हापुरात वास फिरायला खिडक्या असतात. ओहायोत नोव्हेंबर ते मार्च खिडक्या उघडत नाहीत, हीटरची हवा घरातल्या घरातच घुमत राहते आणि दाराशी टांगलेले लोकरी कोट सगळं काही पिऊन घेतात. इथल्या प्रत्येक देशी माणसाला लसणाच्या फोडणीचा कोट घालून मीटिंगमध्ये बसल्याचा अनुभव आहे. म्हणून मासे तळायचे ते गॅरेजमध्ये, बोंबील भाजायचे ते गॅरेजमध्ये. आमच्याकडं तर एक छोटी विजेची शेगडीही तिथं कायमची मांडलेली आहे, गाडीचे जुने टायर आणि बर्फ लोटायची फावडी यांच्या मध्ये.

"आठ तास?" बायको म्हणाली. "आठ तास कुणी शेजारी नसताना? मग तर गॅरेजच."

तिला दुसरीही धास्ती होती. 'धिस इज अस' नावाची एक अमेरिकन मालिका ती डोळे पुसत पुसत बघायची. त्यातलं घर जळतं ते एका जुन्या स्लो कुकरच्या बिघडलेल्या बटणामुळं, आणि सगळ्या अमेरिकेचा लाडका बाप त्यात जातो. तो भाग जानेवारी २०१८ मध्ये दाखवला, तेव्हा लोकांनी घरातले चांगले कुकर उचलून कचऱ्यात टाकले आणि क्रॉक-पॉट कंपनीला ट्विटरवर येऊन लोकांची समजूत काढावी लागली. नवऱ्यापेक्षा मालिकेतल्या बापासाठी बायको जास्त रडली होती, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

तर कुकर गॅरेजमध्ये, सिमेंटच्या फरशीवर. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"शिट्ट्या किती घ्यायच्यात?" आईचा पहिला प्रश्न.

"ह्याला शिट्टी नसतेच."

"मंग शिजल्यालं कळतंय कसं?"

"कळायचं नाही. आठ तास ठेवायचं."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, नेट गेलं.

"आठ तासात एस्टी मुंबईला पोचती," आई शेवटी म्हणाली. "बकरं हाय का हत्ती?"

तिचं बरोबरच होतं. आपल्याकडं शिजण्याचं माप वेळेत नसतं, शिट्ट्यांत असतं. भाताला दोन, डाळीला चार, मटणाला 'बघून'. शेजारच्या घरात काय चाललंय हेसुद्धा शिट्ट्यांवरून कळतं. स्लो कुकर मात्र आवाज करत नाही, वाफ सोडत नाही, थरथरत नाही. विजेच्या दोन मोठ्या दिव्यांइतका जाळ खाऊन गप्प बसून राहतो. आत काही चाललंय की नाही याचा पत्ता लागू देत नाही. आमच्या कुटुंबाला अशा स्वभावाची सवय नाही.

पहिलं मटण आणायला मी हलाल दुकानात गेलो. कोलंबसमध्ये सोमाली वस्ती मोठी आहे, त्यामुळं बोकडाचं मटण मिळतं, हे आमचं नशीब. पण ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातून गोठून आलेलं असतं आणि इथं ते तोडतात पट्ट्याच्या करवतीवर. कोल्हापुरात खाटीक आधी विचारतो, 'सुकं का रस्सा?', मग तुमच्याकडं न बघता खांदा, मांडी, चाप, थोडं काळीज असं स्वतःच्या मनानं घालतो, आणि त्याचा सत्तूर सांध्यावरच पडतो. इथं दुकानदार विचारतो, 'स्मॉल ऑर मीडियम?' आणि अख्खं बोकड वखारीतल्या ओंडक्यासारखं करवतीतून सरकवतो. खर्र असा आवाज होऊन फळ्या पडतात. नळीचा भुगा झालेला असतो. घरी आणून तीन पाण्यांनी धुतलं तरी दाताखाली हाडाची कणी येतेच.

आता पहिल्या प्रयोगाविषयी. सकाळी सात वाजता मी मटण, चिरलेला कांदा, आलं-लसूण, कोरडं खोबरं, आईच्या हातची कांदा-लसूण चटणी, मीठ आणि आई घालते तेवढं पाणी, असं सगळं कच्चंच भांड्यात टाकलं, बटण 'लो'वर फिरवलं आणि ऑफिसला गेलो. जाहिरातीत तसंच दाखवलं होतं. टाका, जा, या, खा.

संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा आत एक तळं होतं. टाकलं त्यापेक्षा पाणी जास्त झालं होतं, कारण काचेच्या झाकणाला लागलेली वाफ परत आतच पडते आणि मटणाचं नि कांद्याचं पाणी त्यात सुटतं ते वेगळं. रंग पावसाळ्यात पंचगंगेला येतो तसा. कांदा आठ तासांनंतरही कच्च्याच वासाचा. तवंगाचा पत्ता नाही. कोल्हापुरी रस्स्याला वर तांबडा कट नसेल तर ते गरम पाणीच. बायको दारातून, नाकाला ओढणी लावून, अगदी मनापासून विचारत होती, "हे असंच असतं का रे?"

नंतर कारण वाचलं तेव्हा स्वतःलाच हसू आलं, कारण ते आईला शाळेत न जाताही ठाऊक होतं. कांदा तांबूस होतो, खोबऱ्याला खमंग वास सुटतो, मटणावर रंग चढतो, हे सगळं साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढं भराभर घडतं. पाणी आहे तोवर भांडं शंभराच्या वर जात नाही. म्हणजे स्लो कुकर आठ तास काय, आठ दिवस चालवला तरी तो काही भाजणार नाही. आमच्याकडं कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरून काळी करतात, मग वाटतात, मग तेल सुटेपर्यंत परततात. त्यातला घाम मी वाचवायला निघालो होतो, आणि चव नेमकी त्या घामातच होती.

कोंबडीचं तर विचारूच नका. बोनलेस छातीचे तुकडे आठ तास ठेवले. गुऱ्हाळात चरकाच्या दुसऱ्या बाजूनं ऊस जसा बाहेर पडतो, तसं ते निघालं. चिपाड.

माझी ही दशा ऐकून ऑफिसमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याला कणव आली. त्यानं एक कागद दिला. मिसिसिपी राज्यात रिपली नावाचं गाव आहे, तिथल्या रॉबिन चॅपमन या बाईंनी १९९०च्या दशकात ही कृती बसवली आणि ती देशभर पसरली. एक मोठा मांसाचा गोळा. त्यावर रँच ड्रेसिंगचं पाकीट फाडून टाकायचं. त्यावर ग्रेव्हीचं पाकीट फाडून टाकायचं. त्यावर लोण्याची एक अख्खी कांडी. बरणीतल्या आंबवलेल्या पाचसहा मिरच्या. झाकण. आठ तास. संपलं.

मी कागद उलटून मागं बघितलं. मागं काही नव्हतं. आईची चटणी करायची म्हणजे अंगणात दोन दिवस मिरच्या वाळत असतात, डंकावर रांग असते, घरात कुणी शिंकल्याशिवाय राहत नाही. आणि इथं कृतीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पाकीट फाडणं.

मूळ कृती गाईच्या मांसाची, म्हणून मी बोकडाचा खांदा घेतला. या वेळी करवतीखाली न घालता अख्खा. संध्याकाळी झाकण काढून चिमटा लावला तर मांस हाडावरून आपणहून उतरलं, गाडी थांबली की पोरं उतरतात तसं. खांदा, मांडी, पाय अशा चालत्या अवयवांत चिवट धागे फार असतात. साधारण ७० अंशांच्या पुढं तासन्‌तास राहिले की ते विरघळून चिकट रसासारखे होतात, आणि ह्या यंत्राला तेवढं एकच काम मनापासून येतं. कोंबडीच्या छातीत ते धागे फारसे नसतात, म्हणून तिचं चिपाड. खारट होतं, आंबट होतं, लोण्यानं घसा तुपकट झाला, पण खरं सांगायचं तर चांगलं लागलं. मी उभ्या उभ्या, गॅरेजमध्ये, पावाबरोबर निम्मं संपवलं. कोल्हापुरात हे कुणालाही सांगितलेलं नाही, आणि हा लेख तिकडं कुणी वाचला तर ती माझी जबाबदारी नाही.

एकदा हे जमल्यावर मला ह्या भांड्याचं मूळ शोधायची हुक्की आली. शिकागोत आयर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक ज्यू शोधक होता. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्नियसकडची. ती सांगायची, लहानपणी शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरोघरची चोलंटची भांडी, म्हणजे मांस, घेवड्याचे दाणे, बटाटे घातलेली, गावातल्या पाववाल्याकडं पोचवायची. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. मग पाववाल्याच्या निवत चाललेल्या भट्टीत ती भांडी रात्रभर राहायची आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम घरी यायची. ह्या आठवणीवरून नॅक्सननं विजेचं भांडं केलं, १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ते चाललं बेताचंच. १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये भांड्याला 'क्रॉक-पॉट' असं बारसं केलं, आणि सकाळी नोकरीला निघणाऱ्या बायकांनी ते घरोघरी नेलं.

म्हणजे बघा, मुळात हे भांडं 'हात लावायचा नाही' अशा धर्माज्ञेतून आलेलं. आमच्या रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातल्या कुणी हा शोध लावला असता तर पुस्तिका निदान मराठीत मिळाली असती. आम्हा कोल्हापूरकरांना मात्र कुठल्याच देवानं कुठल्याच वारी झाकणाला हात लावू नका असं बजावलेलं नाही.

माझा आत्मविश्वास वाढला तो इथल्या मराठी मंडळाच्या गटारीला. अमावास्या पडली होती मधल्या वारी, आणि इथं सगळे सण शनिवारी होतात, त्यामुळं आम्ही गटारी साजरी करायला जमलो तेव्हा श्रावण लागून तीन दिवस झाले होते. अमेरिकेत श्रावण मंडळाच्या परवानगीनं लागतो. मी या वेळी शहाणपणा केला होता. कांदा-खोबरं गॅरेजमधल्या शेगडीवर काळं करून, वाटण तेल सुटेपर्यंत परतून, मगच भांड्यात घातलं होतं. पाणी निम्मं. सहा तास. बोटभर तांबडा कट आला होता. कुकर मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट बांधला, झाकणाला दोन रबरबँड लावले. मुलगी शेजारी बसून म्हणाली, "बाबा, मी लहान होते तेव्हा मला पण एवढं बांधलं नव्हतंस."

स्टॉपच्या पाटीशी मी ब्रेक जरा जोरात दाबला. फक्त वरचा कट सांडला. म्हणजे नेमकं जे मिरवायला चाललो होतो तेच. त्या गाडीत पुढं चार महिने ज्यानं ज्यानं लिफ्ट घेतली, त्याला भूक लागली.

हॉलमध्ये गेलो तर टेबलावर ओळीनं सहा स्लो कुकर. नागपूरकरांचं सावजी, मालवणकरांचं काळ्या वाटाण्याचं काहीतरी, कुणाचा खिमा. माझा सातवा. सगळे एकाच एक्स्टेंशनवर 'वॉर्म'ला लावले होते. मग कुणीतरी त्याच एक्स्टेंशनवर चहाचा मोठा डबा लावला. सात कुकर एकत्र जेवढी वीज खात नाहीत तेवढी तो डबा एकटा खातो. कुठंतरी भिंतीत टक्क झालं. दिवे वेगळ्या तारेवर होते, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. नाच झाले, मुलांचं नाटक झालं, अध्यक्षांचं भाषण झालं (ते नेहमीच होतं), आणि अडीच तासांनी झाकणं उघडली तर सातही भांडी कोमट. कुकर मुका असल्याचा हा तोटा. प्रेशर कुकर बंद पडला असता तर निदान शिट्टी आली नाही म्हणून कुणीतरी उठला असता.

मंडळात एक डॉक्टर आहेत. त्यांनी बोट बुडवून बघितलं आणि निकाल दिला: ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, दोन तासांच्या वर तसं राहिलेलं मांस टाकायचं. नागपूरकर म्हणाले, दणकून उकळी आणू. डॉक्टर म्हणाले, काही विषं उकळीलाही मरत नाहीत. अर्धा तास वाद झाला, कोल्हापूर आणि नागपूर प्रथमच एका बाजूला उभे राहिलेले मी बघितले, पण डॉक्टरांची बायको त्यांच्या बाजूनं होती आणि तीच मंडळाची खजिनदार. शेवटी पिझ्झे मागवले. रात्री उशीर झालेला, दुकानात उरलेले सगळे चीज आणि ढोबळ्या मिरचीचे. अशा रीतीनं श्रावण पाळला गेला.

हे ऐकून बायकोला वाटलं, ह्या भांड्यात राजमा तरी नीट होईल. इथं मी पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागलो. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळीत निदान दहा मिनिटं काढल्याशिवाय जात नाही, आणि मंद आचेवर नुसतं शिजवलं तर त्रास वाढूही शकतो. म्हणून राजमा आधी भिजवून, उकळून, मगच ह्यात. "म्हणजे भाजायचं आधी, उकळायचं आधी, परतायचं आधी," बायको म्हणाली. "मग हा करतो काय?" मी म्हटलं, "वाट बघतो."

ऑक्टोबरात आई आली. सहा महिन्यांसाठी, तीन किलो चटणी घेऊन. कस्टमच्या माणसानं पिशवीचा वास घेतला आणि तो दोन पावलं मागं सरला, असं ती सांगते. दुसऱ्याच दिवशी तिनं गॅरेजमध्ये येऊन कुकरची तपासणी केली. कवचाला हात लावला, खाली वाकून बघितलं.

"जाळ कुठं हाय?"

"आत तार आहे, बाजूनं तापते."

आईनं मान हलवली. "वैल हाय की ही."

मला एकदम आजोळची चूल दिसली. चुलीच्या मागं बाजूला एक छोटं भोक असायचं, वैल. पुढच्या तोंडाला लाकडं, आणि मागं वैलावर नुसती उरलेली धग. भाकऱ्या होईस्तोवर वैलावर आमटी बसायची, नाहीतर दुधाचं मडकं. तिथं कुणी ढवळत नव्हतं. घराण्यातला एकमेव कोपरा, जिथल्या झाकणाला आम्ही हात लावत नव्हतो, तो मी विसरलो होतो.

पण वैल पटली तरी एक गोष्ट तिला पटेना. "जाळावर ठिवून घराला कुलूप लावून कोण जातंय का?" मी म्हटलं, भांडं त्यासाठीच केलंय. "मग खुळ्यांनी केलंय," ती म्हणाली. "तू जा हापिसात. बसतो मी हितं." (आमच्याकडं बायका 'करतो, बसतो' असंच बोलतात. लग्नानंतर वर्षभर बायकोला वाटायचं, सासूबाई सासऱ्यांचे निरोप सांगतायत.)

आणि ती बसली. कॅम्पिंगची घडीची खुर्ची, दांडीतल्या खळग्यात चहाचा पेला, साडीवर माझं बर्फातलं जाकीट, डोक्यावर कानटोपी, मांडीवर ताटलीत कापूस. वाती वळत. माणसाला घराबाहेर जाता यावं म्हणून शोधलेल्या यंत्रापुढं आमच्या घरातलं एक माणूस आठ तास बसून राहिलं. पहिल्या दिवशी ऑफिसात चार फोन आले. "उघडू काय?" "नको." दुपारी, "वास यायला लागलाय. उघडू?" "नको आई." "नुस्तं बघतो." "नको." चौथ्या फोनला ती काही बोललीच नाही, नुसता भांड्याजवळ फोन धरला. मला काहीही ऐकू आलं नाही, पण आम्ही दोघं मिनिटभर तसेच थांबलो.

तांबड्या रस्स्याचा नाद तिनं पहिल्याच आठवड्यात सोडायला लावला. ह्या भांड्यात करायची ती अळणी, असा तिचा निकाल. मटण, हळद, मीठ, थोडं आलं-लसूण, बेतानं पाणी, आणि तेही कडकडीत. मटणाला गार पाणी दाखवायचं नाही. तांबडा रस्सा त्या अळणीवर वरून शेगडीवर करायचा. पांढऱ्यासाठी नारळाचं दूध अगदी शेवटी, बटण बंद केल्यावर. मी एकदा सकाळीच घातलं होतं, त्याचं काय झालं ते सांगत नाही. अळणी मात्र अशी उतरायची की गार झाल्यावर चमचा उभा राहावा. चटणी-मसाल्याशिवाय नुसती वाटीभर प्यायली की सर्दी, ऑफिस, ओहायो, सगळं थोडं लांब जायचं.

हलाल दुकानातही तीच आली एकदा. इंग्रजीचा एक शब्द नाही. काउंटरशी उभी राहून तिनं स्वतःच्या नडगीवर दोन चापट्या मारल्या, बोटानं करवतीकडं दाखवून 'नगं' अशी मान हलवली, मग मूठ तोंडाशी नेऊन मगज ओढल्याचा आवाज काढला. सोमाली दुकानदार खळखळून हसला. आत गेला आणि न चिरलेल्या चार नळ्या घेऊन आला. तीन वर्षं मी ज्या दुकानात स्मॉल आणि मीडियम यांच्यात अडकून पडलो होतो, तिथं ती चार नळ्या आणि वर मूठभर चरबी फुकट घेऊन बाहेर पडली.

त्या नळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला भांड्यात गेल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. दिवसभरात एकही फोन आला नाही. मला वाटलं, सवय झाली असेल.

संध्याकाळी गाडी वळवली आणि गॅरेजचं दार वर जायला लागलं. आधी लोकरी मोज्यांतले पाय दिसले, मग साडीचा काठ, मग जाकीट, मग कानटोपी. शेजारी वातींचा ढीग.

"उघडलं न्हाई बघ एकदाबी," मी काही विचारायच्या आत आई म्हणाली.

मी झाकण काढलं. अळणी फिकट सोनेरी, वर चरबीचे बारीक डोळे, मटण हाडाला धरून पण हात लावला की सुटेल असं. पळी फिरवली. एक नळी. दुसरी. तिसरी. पुन्हा तळापासून फिरवली. भांडं लंबगोल असलं तरी त्याला कोपरे नसतात.

"आई, चार होत्या ना?"

आईनं मांडीवर एक वात वळली, नीट टोक काढलं आणि ढिगावर ठेवली. तिच्या हनुवटीवर काहीतरी चमकत होतं.

"इरघळली असंल," ती म्हणाली. "तूच म्हणालास न्हवं, ह्यात सगळं मऊ पडतंय."